हंगाम

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. भातसानगरच्या वसाहतीतले दिवे मागे पडतात आणि टेम्पो नदीच्या अंगाने जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागतो. मी मागे हौद्यात बसले आहे. भाताच्या पेंढ्यात सात चुंबळी ठेवल्या आहेत, कच्च्या मातीच्या, एकेक जेमतेम कवेत मावेल एवढी. डोक्यावर हंडा घेण्याआधी बायका फडक्याचं जे वेटोळं करून ठेवतात, ती चुंबळ. गेले पाच महिने वळीवर वळी चढवत मी हेच करते आहे. वाळलेली पण न भाजलेली माती खडूसारखी ठिसूळ असते. खड्डा आला की मी सगळ्यात मोठ्या चुंबळीवर दोन्ही हात पसरते. त्याने काही वाचणार नाही हे ठाऊक असतं, तरी हात जातात.

फाल्गुन लागला आहे. वाटेवर पळस फुलला आहे, पण अंधारात तो अजून काळाच दिसतो. डाव्या हाताला भातसा वाहते आहे. या दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे कोरडे पडतात, ही नदी मात्र पडत नाही. वर ८८ मीटरांहून उंच धरण आहे आणि तिथून सोडलेलं पाणी हिच्याच पात्रातून खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथे ते उचलायचं, पांजरापूरला शुद्ध करायचं आणि मुंबईला न्यायचं. मुंबई रोज जे पाणी वापरते त्यातलं जवळपास निम्मं हे असं माझ्या डाव्या हाताने चाललं आहे. आणि याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर महिनाभरात टँकर सुरू होतील. हंडे रांगेत लागतील. चुंबळी मी तिथेच पाहिल्या.

भट्टी दिसण्याआधी ऐकू येते. थप्. मग काहीतरी ओढल्याचा ओला आवाज. मग पुन्हा थप्.

टेम्पो थांबतो. बॅटरीवरच्या एका दिव्याच्या उजेडात ती उकिडवी बसली आहे. तिच्या उजव्या बाजूला गाऱ्याचा ढीग. खाचरातली माती, तूस, कोळशाची राख आणि पाणी रात्री तुडवून तिच्या नवऱ्याने तो तयार ठेवला आहे. मागच्या हंगामात मी इथूनच दोन खेपा माती नेली. माझ्या सातही चुंबळी त्याच मातीच्या आहेत, म्हणून त्यांना भाजायला इथेच आणलं आहे.

“आलीस?” ती मान वर न करता म्हणते. “बस. ही ओळ होऊंदे.”

मी बसते आणि तिचे हात पाहते. साच्यात राखेची चिमूट फिरते, म्हणजे गारा चिकटत नाही. मग दोन्ही हातांनी गोळा उचलायचा. तो किती घ्यायचा हे ती बघतही नाही. साच्यात तो असा आपटायचा की चारही कोपरे एका दणक्यात भरले पाहिजेत. हाच तो थप्. वर उरलेला गारा पंजाने निपटून काढायचा, साचा उचलायचा, तीन पावलं पुढे जायचं आणि उलटा टाकायचा. वीट जमिनीवर बसते. तिच्या पोटावर शेठची दोन अक्षरं ठसठशीत उमटलेली असतात, कारण ती साच्याच्या तळालाच कोरलेली आहेत. पंजा फिरलेली बाजू खाली जमिनीकडे जाते.

उन्हं चढायच्या आत जमेल तितकी थापणी उरकायची असते. उन्हात वरची साय पटकन वाळते, आतली माती ओलीच राहते आणि वीट तडकते. हे मी कलाशाळेत पहिल्या वर्षी फळ्यावर शिकले. ती सात-आठ वर्षांची असताना आईच्या शेजारी बसून शिकली. ती कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून हे नाव पडलं. जंगल गेलं, कात गेला, नाव राहिलं. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना होते. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या कितीतरी कातकरी वाड्या रिकाम्या होतात आणि माणसं भट्ट्यांवर येतात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा बयाणा घेतलेला असतो. तो हंगामभर वीट थापून फेडायचा.

ती उठून बाजूला होते. “घे, थाप.”

मी साचा हातात घेते. सव्वीस वर्षं मी मातीत काम करते आहे. माझा गोळा साच्यात पडतो, पण दोन कोपरे पोकळ राहतात. मी अंगठ्याने भरते, निपटते, उलटा टाकते. वीट उभी राहते आणि हळूच एका अंगाला बसते. ती काही बोलत नाही. वाकते, ती वीट उचलते, पुन्हा गाऱ्यात मिसळते आणि तोच गोळा घेऊन माझ्यासमोर पुन्हा थापते. यावेळी संथपणे. मला दिसतं की गोळा साच्यात सोडताना तिची मनगटं शेवटच्या क्षणी आत वळतात. तेवढ्यानेच कोपरे भरतात. असं मनगट शिकवता येत नाही. ते फक्त शेजारी बसून घ्यावं लागतं.

सात वाजता उजाडून चांगलंच फटफटीत झालं आहे. पळस आता केशरी दिसतो आहे. मुकादम येतो, वहीत आकडा लिहितो आणि आम्ही भट्टीकडे वळतो.

भट्टी म्हणजे इमारत नव्हे. भाजायच्या विटांचीच रचलेली मोठी गढी. खालच्या थरांत लाकूड भरायला आरपार मोऱ्या ठेवल्या आहेत. वर विटांचा एक थर, त्यावर कोळशाची भुकटी, पुन्हा विटा. दोन विटांमध्ये बोटभर फट, तिच्यातून आगीने वर चढायचं. बायका डोक्यावर फळी घेऊन, फळीवर विटा घेऊन उतरंडीने वर जातात, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर फळीखाली एक चुंबळ आहे. लुगड्याच्या जुन्या तुकड्याची, घामाने काळी पडलेली.

माझ्या चुंबळींसाठी रचणाऱ्याने मधल्या थरांत सात कोनाडे सोडले आहेत. चौघं मिळून पहिली चुंबळ उचलतात. मी श्वास धरून बघते. ती कोनाड्यात बसते, भोवती तुसाची गादी होते, बाजूने विटा लागतात. थापणारी वाकून चुंबळीच्या तळाशी बघते.

“ह्ये काय लिवलंय?”

“माझं नाव. आणि साल.”

ती ओल्या मातीत कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवते. मग चुंबळीच्या वळ्यांवरून फिरवते, एका वळीवरून दुसरीवर, जिथे मी सांधा दाबला आहे तिथे थांबते.

“एवढी मोठी चुंबळ,” ती म्हणते, “कंच्या डोक्याची?”

मला लगेच उत्तर देता येत नाही. तीही थांबत नाही, पुढची फळी आणायला उतरते.

दुपारी आम्ही आंब्याखाली बसलो आहोत. मोहराचा वास आणि कोळशाचा वास एकत्र येतो आहे. पलीकडे भोंगे आहेत, कच्च्या विटा आणि पेंढा यांच्या कमरेएवढ्या झोपड्या. आत वाकून शिरायचं. १९९०च्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना भोंगाशाळा हेच नाव पडलं. मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळा भोंग्यापर्यंत न्यायची, एवढा साधा आणि मोठा विचार. तिच्या भाकरीवर सुकट आहे. माझ्या डब्यातली मेथी ती चाखते आणि मीठ कमी आहे म्हणून सांगते.

ती विचारते, “हे तू कवापासून करतेस?”

मी सांगू लागते. वयाच्या एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा चाकावर बसले, तेव्हा सहा महिने गोळा मध्यावर आणण्यात गेले. पुढे पाँडिचेरीला गेले. अमेरिकेहून आलेल्या रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी तिथे १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज भारतात स्टोनवेअरमध्ये काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या आवारात शिकून गेले. मीकर आधी वास्तुकला शिकलेले. १९८५च्या सुमारास त्यांनी एक विलक्षण गोष्ट हाती घेतली. कच्च्या विटांचं अख्खं घर बांधायचं, घुमटासकट. त्याच्या पोटात कच्च्या विटा आणि कौलं भरायची, दारं-खिडक्या बंद करायच्या आणि घरालाच आग लावायची. तीन-चार दिवस घर जळतं. ते स्वतःच भट्टी असतं आणि स्वतःच भाजलं जातं. निवल्यावर आतला माल बाहेर काढला की राहायला पक्कं घर. तशा एका घरात मी उभी राहिले होते. भिंतीला हात लावला तेव्हा वाटलं, आपल्याला घडवायचं आहे ते हेच. आगीतून गेलेलं, माणूस आत मावेल असं काहीतरी.

ती ऐकते. घर भाजायची गोष्ट तिला पटते. “भट्टीच ती,” ती म्हणते. “आमी रोज तसंच घर रचतो. फकस्त त्यात रात नाय काढत.”

मग मी तिला भद्रावतीबद्दल सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला, कुंभाराच्या हाताला नवं शास्त्र द्यायचं म्हणून. बिहारच्या नवादा जिल्ह्यातल्या कुंभाराघरचा एक मुलगा तिथे शिकला. पुढे त्याने आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भाईंदरला, भट्टी लावली आणि झिलईच्या भांड्यांत आयुष्य घातलं. ब्रह्मदेव राम पंडित त्यांचं नाव. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मातीतल्या माणसाचं नाव राष्ट्रपती भवनात पुकारलं गेलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आपल्या घरात कुणाचा तरी गौरव झाल्यासारखं वाटलं होतं. मुळात हे काम ‘कला’ ठरायला फार वेळ लागला. दगड आणि ब्राँझ म्हणजे शिल्प, माती म्हणजे भांडं, हा भेद माझ्या शिक्षकांच्याही डोक्यात होता. २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतातलं पहिलं सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं. तिथे खोल्याच्या खोल्या भरून माती उभी होती, टांगलेली होती, जमिनीवर पसरलेली होती. मी दिवसभर फिरले आणि संध्याकाळी पायरीवर बसून रडले. कारण एकच, इतकी वर्षं जे एकटीने करत होते ते एकटीचं नव्हतं.

आता माझ्या प्रदर्शनांच्या पुस्तिकांत ‘कारकीर्द’ असा शब्द असतो. त्याखाली सालं असतात. पहिलं प्रदर्शन, पहिली शिष्यवृत्ती, कुठल्या संग्रहात काय आहे. पण खरी कारकीर्द त्या सालांत नाही. माझ्या पहिल्या मोठ्या भट्टीत अकरा मूर्ती होत्या आणि अकराही फुटल्या. जाड अंगाच्या होत्या, आतून ओल्या होत्या, मला घाई होती. शंभर अंशांना आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही तर ती माती फोडून निघते. रात्री भट्टीतून एकेक आवाज येत होता आणि मी बाहेर बसून मोजत होते. त्या रात्री जे शिकले ते कुठल्या पुस्तिकेत छापलेलं नाही. पुढे दहा वर्षांनी मातीत तूस घालायला लागले. तूस जळून जातं, त्याच्या जागी बारीक वाटा उरतात, वाफेला जायला रस्ता मिळतो. तेही इथल्या गाऱ्यात पाहूनच शिकले.

“तू किती हंगाम केलेस?” मी विचारते.

ती बोटं मोडत नाही, आकडा सांगत नाही. म्हणते, “मोठा पोर झाला तवा मी मुरबाडच्या भट्टीवर होते. दुसरी झाली तवा भिवंडीला. इथं हा पाचवा.” तिची सालं अशी आहेत. माझी कारकीर्द आहे आणि तिचा हंगाम आहे. माझी वर्षं एकावर एक चढतात. तिची दर पावसाळ्यात धुऊन जातात आणि दिवाळीला नव्याने बयाण्यापासून सुरू होतात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला आणि याच ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने बांधलेल्या माणसांना सोडवायला लढे दिले, म्हणून आज ती मुकादमाला हिशेब विचारू शकते. हे लढे झाले नसते तर माझ्या हातातली ही माती कुणाच्या तुडवण्यातून आली हे मी विचारलंही नसतं.

तिच्याबद्दल लिहिणार आहे, असं मी सांगते.

“लिव,” ती म्हणते. “नाव नको टाकू. शिमग्याला हिशेब व्हायचाय.”

म्हणून मी तिचं नाव इथे टाकत नाही. पण उठताना ती मला वाळत ठेवलेल्या विटांच्या ओळींकडे नेते. चार दिवसांपूर्वीच्या विटा आता कडेवर उभ्या केल्या आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. एका बाजूला शेठची अक्षरं, सगळ्यांवर सारखी. ती दुसऱ्या बाजूला बोट दाखवते.

“ही माजी. ही माजी. ही जावेची. ही माजी.”

मी आधी समजत नाही. मग खाली बसून बघते. निपटताना पंजा फिरतो तिथे बोटांच्या चार रेघा राहिल्या आहेत. बहुतेक विटांवर त्या एका दिशेला कलत्या आहेत आणि तिच्या विटांवर उलट्या दिशेला. ती डावखुरी आहे. हजारो विटांच्या रांगेत ती स्वतःचं काम लांबून ओळखते. मुकादमाच्या वहीत आकडा चुकला तर तिच्याकडे हा पुरावा आहे, तिच्या हाताने प्रत्येक विटेवर लिहिलेला.

मला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली जुनी भांडी आठवतात. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे झिलईदार मातीकाम सुरू झालं आणि ती भांडी विलायतेच्या संग्रहालयांपर्यंत गेली. तळाशी शाळेचं नाव असतं. चाकावर बसलेल्या कुंभाराचं बहुधा नसतं. तशा एका भांड्याचा आतला पृष्ठभाग मी काचेतून वाकून पाहिला होता, तिथे चाक फिरताना उमटलेली बोटांची वर्तुळं होती. मी तेव्हा ती तंत्र म्हणून पाहिली. आज कळतं आहे की ती सही होती.

साडेपाच वाजले आहेत. रचाई संपली. आता भट्टीच्या चारही भिंती बाहेरून लिंपायच्या, म्हणजे आग फटींतून वाया जात नाही. बायका गारा घेऊन भिंतीशी उभ्या राहतात. तीही राहते. मी बादल्या भरून देते. ओला गारा भिंतीवर आपटतो आणि तिचा डावा पंजा तो पसरवत जातो, खांद्याएवढ्या उंचीवरून गुडघ्यापर्यंत. माझ्या चुंबळी याच भिंतीमागे आहेत, आतल्या अंधारात.

अंधार पडायच्या सुमाराला नारळ फुटतो. मोरीच्या तोंडाशी हळदकुंकू, उदबत्ती. सगळ्यात जुना जळाईवाला पलित्याने लाकूड पेटवतो, एका मोरीतून दुसरीकडे जातो. माझ्या स्टुडिओतली गॅसची भट्टी १२५० अंशांपर्यंत जाते आणि काट्यावर मला प्रत्येक अंश दिसतो. इथे आग नऊशे ते हजाराच्या घरात राहील आणि काटा नाही. म्हातारा धूर बघतो. “पांढरा हाय तवर पाणी निघतंय,” तो मला सांगतो. “घाई नाय करायची.” मी मान डोलावते. पाचशेच्या पुढे मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणीही सुटेल, आणि त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होणार नाही. ५७३ अंशांना गारगोटीचा कण फुगेल. तिथे माझ्या सातांपैकी एखादी तडकेल. कोणती, ते पंधरा दिवसांनी भट्टी उतरवली की कळेल.

मोऱ्यांतला उजेड भिंतीवर चढतो आणि तेव्हा मला ते दिसतं. अख्ख्या भिंतीवर बोटांच्या रेघा आहेत. तिच्या जावेच्या एका बाजूला कललेल्या, आणि मधल्या पट्ट्यात, जिथे माझ्या चुंबळी आहेत तिथे, तिच्या. उलट्या कललेल्या, लांब, एका दमात ओढलेल्या. आग विझल्यावर हे लिंपण झडून जाईल, त्याचा ढिगारा उद्याच्या गाऱ्यात जाईल.

“ताय,” ती शेजारी येऊन उभी राहते, “तुजी कंच्या बाजूला हायत?”

मी हात वर करून दाखवते. ती माझ्या बोटाच्या रेषेत बघते आणि मान हलवते. मग भिंतीजवळ जाऊन, जिथे लिंपण थोडं पातळ राहिलं आहे तिथे मूठभर गारा आणखी लावते. डाव्या पंजाने तो सारखा करते.

दुपारच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. मी ते तिला सांगते. “ती चुंबळ तुझ्या डोक्याची आहे. तुझ्या, तुझ्या जावेच्या, त्या फळ्या वाहणाऱ्या सगळ्यांच्या. एवढं ओझं होतं म्हणून एवढी मोठी.”

ती थोडा वेळ धुराकडे बघते.

“मंग मजबूत भाजूंदे,” ती म्हणते.

मी भिंतीला हात लावते. लिंपण अजून गार आहे, ओलं आहे. आग इथवर यायला सकाळ होईल. ती भोंग्याकडे निघाली आहे. पहाटे चारला उठून पुन्हा थापायचं आहे आणि शिमग्याला आठ दिवस आहेत. डोक्यावरची चुंबळ काढून ती झटकते, घडी घालते आणि कमरेला खोचते.